गळ्यातला दोरा

माघ महिना, सोमवार

मैत्रिणींनो, आपलं फिरतं पत्र इतके दिवस माझ्याकडेच अडकलं, माफ करा. असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी परभणीत आम्ही चालवतो त्या दोन खोल्यांच्या कामातून डोकं वर काढायला सवड मिळत नाही.

काल बोरीचे एक वृद्ध दुकानदार दाखल झाले. घशातल्या गाठीने त्यांची वाचा गेली आहे. गळ्यातला दोरा जखमेवर काचत होता, म्हणून मी तो चांदीच्या डबीसकट काढून कपाटात ठेवला. तेव्हापासून त्यांनी पेज घेतली नाही. सारखे गळ्याकडे हात न्यायचे. दुखत असेल, असं समजून आम्ही औषध देत राहिलो.

आज दुपारी त्यांची सून आली.

"बाई, मामंजींचं लिंग कुटं हाय?"

"डबीसकट कपाटात आहे. अगदी सुरक्षित."

"अवो, पूजेबिगर त्यांनी कदी घास घेतला न्हाई! तुमी उपाशी मारायलाव की त्यान्ला!"

तिने डबी उघडून लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःच तोंड उघडलं. थोडी पेज पोटात गेली.

मला ठाऊक नव्हतं, असंही नाही. माझे शेजारीच लिंगायत आहेत, गळ्यातल्या इष्टलिंगाची रोज पूजा करतात. दोरा काढणं गरजेचंच होतं, असं मन अजून म्हणतं. पण आधी विचारलं असतं, तर त्यांना मान तरी हलवता आली असती. बोलू न शकणाऱ्या आजाऱ्याला तुम्ही विचारता, की माझ्यासारखं परस्पर ठरवून टाकता?

उद्या: लिंग दंडाला बांधता येईल असा मऊ सुती दोरा आणणे.