दावीदसाठी केलेली प्रार्थना

गेल्या रविवारपर्यंत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. चूक माझी होती, आणि ती मी डोळे मिटून, हात जोडून केली.

कोरीटच्या शिवारात माझी मिरची आहे. बांधाला लागून दावीदचं शेत. आम्ही एकाच ख्रिस्ती मंडळीतले, प्रार्थनेला एका सतरंजीवर बसणारे. त्या उन्हाळ्यात त्याने विहिरीचं पाणी मागितलं, मी नाही म्हटलं. दुसऱ्या सकाळी माझ्या ठिबकच्या नळ्या जागोजागी तिरप्या तुटलेल्या. आणखी कोण असणार? आदल्या दिवशी तो विळ्याला धार लावत होता — तेही मला आठवलं. नळी हातात घेऊन नीट पाहिली असती तर? पण मला पाहायचंच नव्हतं.

धाकटा भाऊ काठी घेऊन निघाला. मी त्याला अडवलं. आपण मारणारे नव्हे, म्हणालो, क्षमा करणारे. मी स्वतःवर किती खूश होतो — सांगू?

रविवारी प्रार्थनेच्या वेळी उभा राहिलो. नाव घेऊन म्हणालो, प्रभू, माझ्या नळ्या कापणाऱ्या दावीदला क्षमा कर. सगळ्यांनी आमेन म्हटलं. तोही, सवयीने. मग दाराशी चपला घालताना त्याने हळूच विचारलं, "मन्हं काय चुकनं, भाऊ?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि घराकडे निघालो.

पुढे त्याला कोणी कामाला बोलावेना. त्याची बायको सतरंजीवर बसली की शेजारच्या बाया सरकून बसत. दिवाळीनंतर दोघं गुजरातेत ऊसतोडीला गेली. पाळकसाहेब मात्र शांतीवर बोलताना माझं उदाहरण देत — हात न उगारणारा माणूस म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात बांधावर बसलो होतो. एक खार आली, पाण्यासाठी नळी कुरतडू लागली. तसाच तिरपा काप, कडेला बारीक दातांच्या खुणा. मी तिला हाकललंही नाही. दावीद परतेल तेव्हा सांगू, असं ठरवलं. तो परतला — आणि दर वर्षी परतत राहिला. मी बोललो नाही. 'हात न उगारणारा' हे नाव मला आवडू लागलं होतं. काठीने फार तर त्याचं डोकं फुटलं असतं. मी काय फोडलं?

या वर्षी तो पुन्हा मंडळीत येऊ लागला आहे. दाराशी बसतो, चपलांजवळ. गेल्या रविवारी मी, जिथून त्याच्यासाठी क्षमा मागितली होती, त्याच जागी उभा राहिलो. डोळे उघडे ठेवले. प्रार्थना आम्ही पुस्तकी मराठीत करतो. त्या दिवशी मी प्रभूशी बोलत नव्हतो.

"दावीदभाऊ, त्या नळ्या तू काप्यात नही. खारनी कुरतड्यात. माले पुढलाच उन्हाळामा समजनं व्हतं, तरी मी गप ऱ्हायनू. तुन्हं काहीच चुकनं नही. मन्हं चुकनं."