सगळ्याच मनमिळाऊ

आमच्या गावात माणूस गेलं की दहाव्याच्या आत तालुक्याच्या साप्ताहिकात निधनाची बातमी यावी लागते. गेली पंधरा वर्षं त्या बातम्या मी लिहिते. अक्षर बरं आहे आणि बालवाडीत शिकवते, एवढीच माझी पात्रता. मजकूर ठरलेला असतो: अल्पशा आजाराने निधन, स्वभाव मनमिळाऊ, पश्चात मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार. दहा मिनिटांचं काम.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या तेव्हाही दहाच मिनिटं लागली.

दहाव्याला शेजारच्या म्हातारीने पेपर नाकाशी धरून बातमी वाचली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अगो, ही मनमिलाऊ कोन गो? कुंपनाच्या वादावरनं आठ वर्सं माज्याशी बोलली न्हाय ती!"

बायका पदराआड हसल्या. "मेल्यावर सगल्याच मनमिलाऊ," म्हातारी म्हणाली. "माजी येल आली की माज्यावर पन तेच लिव."

मीही हसले आणि वाढायला उठले.

यंदा मी बाहेरून बी.ए.ला बसले आहे. रविवारी तालुक्याच्या कॉलेजात वर्ग असतो. तिथे एक स्वाध्याय मिळाला: स्वतःचा जुना मजकूर घ्या आणि त्यातले गुणदोष लिहा. माझ्याकडे जुना मजकूर म्हणजे त्या बातम्याच. सासूबाईंची घेतली. गुण लिहिले: थोडक्यात, शुद्ध, वेळेवर. दोष लिहिला: ठरावीक शब्द. अर्धं पानही भरलं नाही.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. वही परत देताना म्हणाल्या, "ताई, दोष बरोबर शोधलात. पण 'मनमिळाऊ' हा शब्द का वापरलात ते लिहिलं नाहीत. परक्या माणसाचं समजू शकते. ह्या तर तुमच्या घरातल्या होत्या."

एसटीत बसल्यावर मला राग आला. वेळ नव्हता म्हणून वापरला, असं लिहिता आलं असतं. ते खरं नव्हतं.

सासूबाई रस्त्याकडेला पांढरा कांदा विकायच्या. पातीसकट वाळवलेल्या कांद्याच्या वेण्या आम्ही दोघी घालायचो. माझी वेणी सैल दिसली की हातातून ओढून सोडायच्या. "गिऱ्हाइकाच्या घरी सुटली तं नाव माजं जाईल." तीस वर्षांत 'बरी झाली' हे शब्द मी ऐकले नाहीत. अंथरुणाला खिळल्यावरही तेच. उशी उंच, पाणी कोमट, चादर ओली. एका दुपारी पेजेचा वाडगा ढकलून म्हणाल्या, "खारट हाय." मी म्हटलं, "मग राहा उपाशी." वाडगा उचलून आत नेला, तो संध्याकाळपर्यंत परत आणला नाही. त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या. मधल्या दिवसांत जेवल्या होत्या, डॉक्टर येऊन गेले होते, त्या वाडग्याने काही झालं नाही. पण ती दुपार मी कोणाला सांगितली नव्हती. मनमिळाऊ लिहिलं की घरात भांडण नव्हतं असं ठरतं. भांडण नव्हतं, म्हणजे ती दुपारही नव्हती.

स्वाध्यायात हे सगळं लिहून दिलं.

मग वर्षश्राद्ध आलं. नवरा म्हणाला, "मागचाच मजकूर दे. निधनाच्या जागी पुण्यस्मरण टाक."

मी नवा कागद पुढे ठेवला. त्यात होतं: 'त्यांच्यासारखी घट्ट वेणी आमच्यात कोणाला जमली नाही. बोलणं तिखट होतं. शेवटच्या दिवसांत त्या घरच्यांवर चिडायच्या आणि घरचे त्यांच्यावर.'

त्याने दोनदा वाचलं. "हे शेवटचं लोकांनी कशाला वाचायचं?"

"कारण ते झालं. अहो, एका दुपारी मी आईंची..."

"पेज उचलून नेलीस. ठाऊक आहे मला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्याच दिवशी आईने सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पेज खारटच होती."

मी आता छापायला नको म्हणते की काय, हे बघायला तो जरा थांबला. मी पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने कागदाची घडी केली, पाकिटात घातली आणि शेवटच्या वाक्यासकट साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन दिली.