सुलूचं रडणं

ताई, तुझं सासर रेवसलाच, त्यामुळे त्या दिवशी तू धक्क्यावर होतीस. स्वराज्य नुकतंच आलं होतं आणि मी लग्न होऊन मुंबईला निघाले होते. लाँच सुटली तरी आई माझं नाव घेऊन मोठ्याने रडत होती. हे मान खाली घालून म्हणाले, "लोक बघताहेत." तेव्हापासून मी आवाज गिळायला शिकले.

माझगावच्या चाळीत ह्यांच्या घरी कुणी मोठ्याने हसतही नसे. सासूबाई प्रेमळ होत्या, पण त्यांची माया ताटात वाढलेली दिसायची, तोंडाने कधी ऐकू यायची नाही. मीही तशीच झाले. पुढे सुलू झाली, चालू लागली. एकदा जिन्यावरून पडली, ओठ फुटला, तरी रडली नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेजारणी म्हणाल्या, किती शहाणी मुलगी. मला मात्र चैन पडेना. ते शहाणपण तिने माझ्याच चेहऱ्यावरून उचललं होतं.

मे महिन्यात तिला घेऊन माहेरी थळला आले. त्याच आठवड्यात वारा उठला आणि दादाची होडी वेळेवर परतली नाही. आई किनाऱ्यावर उभी राहून दर्याला शिव्या देत होती, रडत होती. दादा सुखरूप आला, तर आधी तिने त्याच्या पाठीत धपाटे घातले, मग त्यालाच मिठी मारून पुन्हा रडली.

सुलू घाबरून मला विचारत होती, आजी रागावली की रडते? आईनेच तिला जवळ ओढलं.

"दोन्ही हाय, बाय. तुला न्हाय वाटलं भ्याव?"

सुलूने आजीच्या पदरात तोंड खुपसलं आणि हुंदके देऊ लागली. मी घाईने हात पुढे केला.

"रडू दे तिला," आई म्हणाली. "रडून सरलं की येल तुझ्याकडं."

आणि आली. माझ्या गळ्यात पडली, तेव्हा हात कुठे ठेवावेत हेच मला कळेना.

आता ती खदखदून हसते, माझ्याशी भांडते. हे म्हणतात, गावाने मुलगी बिघडवली. मी म्हणते, बिघडू दे. पण ताई, मला अजून तिच्यासारखं मोकळं होता येत नाही. थळला आले की चाळीतली शिस्त आठवते, चाळीत असले की आईचा आवाज. सारखी निघायच्या तयारीत असल्यासारखी वावरते.

परवा सुलूने शाळेतून येऊन दप्तर फेकलं आणि दारातूनच ओरडली, "आई, मला राग आलाय." मी पिठाच्या हातांनी तिला जवळ घेतलं. तेवढ्यापुरतं मला कुठेच जायचं नव्हतं.