चोरीला जाईल असं झाड

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी भागाबाईंनी मला झाड निवडायला बोलावलं.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. तेहतीस वर्षं. हुलसूरच्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. मीही. मी मराठीत एम. ए. झाल्यापासून त्या मला विलास म्हणत नाहीत, ‘एम्मे’ म्हणतात. मी त्यांना अक्का म्हणतो.

“फाटकाजवळ एकच झाड मावतंय,” त्या म्हणाल्या. “बोगनवेल लावू का जास्वंद? शिकलायस न्हवं? सांग.”

मी दोन दिवस माहिती काढली. वहीत रकाने आखले, फायदे आणि तोटे. मग वाचून दाखवलं.

“बोगनवेलीला कडक ऊन लागतं, ते आपल्याकडे आहेच. पाणी कमी दिलं तर ती उलट जास्त फुलते. कीड फारशी लागत नाही. रंग कित्येक दिवस टिकतो. फक्त रंगीत दिसतं ते खरं फूल नसतं. ती पानं असतात. फूल आत, इवलंसं पांढरं.”

“म्हंजे नुसता देखावा. पुढं?”

“जास्वंदीला उन्हाळ्यात रोज पाणी. कापसासारखी पांढरी कीड बसते, कडुनिंबाचं तेल फवारावं लागतं. फूल सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. छाटलं तर नवी फूट येते आणि कळ्याही त्या फुटीलाच येतात.”

“आनि?”

“बोगनवेलीला काटे असतात. फूल देवाला वाहत नाहीत. त्यामुळे कुणी तोडत नाही. जास्वंद गणपतीला लागते, देवीला लागते. उजाडायच्या आत झाड रिकामं.”

त्यांनी वही ओढून घेतली. ‘कुणी तोडत नाही’ हे मी बोगनवेलीच्या फायद्यांत लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि तोट्यांत लिहिलं.

“जास्वंद आन. लाल.”

“अक्का, सगळी फुलं चोरीला जातील.”

“जाऊ दे की. त्येच्यासाठीच लावायलेय.”

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांचं घर गल्लीतलं एकुलतं एक बौद्ध घर. बांधून तीन वर्षं झाली. शेजारच्या सावित्रीबाई अजून आत आल्या नव्हत्या.

“तिच्या सुनंची दोन बाळंतपनं मी केली. तवा हात धरून थेट माजघरात नेलं मला. आनि माझ्या घरभरनीला फाटकातनंच म्हनली, उपास हाय. चतुर्थी न्हवती, एकादशी न्हवती. बुधवार व्हता, एम्मे, बुधवार! मला तिला माझ्या घरात बसवून चहा पाजायचाय. बस. दुसरी विच्छा न्हाई.”

मी भालकीच्या नर्सरीतून कमरेएवढं रोप आणलं.

वर्षभरात ते कंपाउंडच्या भिंतीवरून बाहेर डोकावलं. एका पहाटे सावित्रीबाई काठीला आकडा बांधून गल्लीतून फुलं ओढताना दिसल्या. मला बोलावून घेऊन भागाबाई खिडकीच्या फटीतून बघत होत्या. फूल तुटलं की मला कोपरानं ढोसायच्या.

आठ दिवसांनी त्यांनी कात्री घेतली. भिंतीबाहेरच्या सगळ्या फांद्या छाटल्या.

“फूट चांगली येती म्हनलास न्हवं?” असं म्हणून फाटकाची कडी काढून ठेवली.

सावित्रीबाई तीन दिवस भिंतीपाशी घुटमळल्या. चौथ्या दिवशी एक पाय आत टाकला, दुसरा गल्लीतच ठेवला आणि कंबर वाकडी करून पाच फुलं तोडली. पुढच्या आठवड्यात दोन्ही पाय आत आले. भागाबाईंनी लगेच फाटकाकडच्या फांद्या छाटल्या. आता फुलं होती ती फक्त ओसरीच्या पायरीकडे.

मी थक्क झालो. झाड जागेवरच होतं, पण दर छाटणीला घराच्या दिशेनं सरकत होतं. त्याच्यामागून सावित्रीबाईही सरकत होत्या.

मग संकष्टी आली. भागाबाईंनी मला उजाडतानाच बोलावून घेतलं. सावित्रीबाई पायरीवर चढून वरची फांदी वाकवत होत्या. टोपली भरली होती. भागाबाईंनी दार उघडलं.

“चोरी करायलीस व्हय गं, सावित्री?”

“चोरी कामून म्हनतीस? देवासाठी घ्यायलेय.”

“घे की. वरची ऱ्हायलीत, ती बी घे. चहा उकळायलाय, पिऊन जा.”

“उपास हाय माझा.”

“आज हाय, खरं हाय. पर सुनंच्या बाळंतपनाला बी संकष्टीच व्हती. माझ्यासमोर तीन कप पिलीस. उपासाला चहा चालतो म्हनलीस. सांगू का एम्म्याला अजून काय काय खाल्लीस?”

सावित्रीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जास्वंदीकडे पाहिलं.

“घरी पूजा खोळंबलीय,” त्या म्हणाल्या.

“बरं, मग एवढंच सांगून जा. माझ्या घरचं फूल तुझ्या देवाच्या डोक्यावर चालतंय. माझ्या घरचा चहा तुझ्या घशाला चालत न्हाई. तू देवापरीस मोठी हायस का?”

सावित्रीबाई टोपलीकडे बघत राहिल्या. देवासाठी तोडलेली फुलं खाली टाकता येईनात आणि तशीच घेऊन चालूही लागता येईना. गल्लीतून कुणीतरी दुधाची किटली घेऊन गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत त्या थांबल्या. मग आत आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. टोपली मांडीवर घट्ट धरली.

भागाबाईंनी कपबशी पुढे केली.

सावित्रीबाईंनी बशीत चहा ओतला. फुंकला. प्यायल्या. पूर्ण बशी. मग कपातला उरलेलाही ओतून प्यायल्या.

“ह्यो चहा हाय?” त्या म्हणाल्या.

“मग काय हाय?”

“आलं न्हाई, साखर न्हाई. औषधाचं पानी पाजायलीस व्हय? एवढ्यासाठी फांद्या छाटून छाटून बलवायलीस मला?”

“डॉक्टर लोक मागून पीत व्हते माझा चहा!”

“आजारी असतील. उद्या येते मी. तुझ्या चुलीपाशी हुभं ऱ्हाऊन दावते चहा कसा करत्यात.”

आणि टोपली घेऊन त्या गेल्या. फाटक उघडंच टाकून.

भागाबाई लालबुंद झाल्या होत्या. एवढ्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“ऐकलास व्हय, एम्मे? सैपाकघरात येनार म्हनती! माझ्या!”

“येऊ नको म्हणून सांगू का त्यांना?”

“गप बस.” त्या स्वयंपाकघरात गेल्या. डब्यांचा आवाज आला. “साखरंचा डबा पार वरच्या फळीवर ठिवते. घेऊ दे मागून.”