मोनिकाच्या नावावर पूनम

रोज सकाळी साडेआठला पूनमला नणंदेची मनधरणी करावी लागे. मोनिका अंथरुणातच असायची आणि पूनम तिच्या तोंडासमोर मोबाईल धरून उभी.

"डोळे उघड गं बाई, मिटलेले चालत नाहीत त्याला."

"मग आज डबा तूच भर माझा, वहिनी."

पार्लरची कामं देणाऱ्या कंपनीच्या ॲपने मोनिकाचा चेहरा ओळखला की पूनम रहाटणीच्या घरातून बॅग घेऊन निघायची. घरोघरी जाऊन फेशियल, वॅक्सिंग करायची ती. ॲपवर नाव आणि फोटो मात्र नणंदेचा. कामावर तोंडाला मास्क असतो, त्यामुळे गिऱ्हाइकांना पत्ता लागत नसे.

तिची स्वतःची आयडी दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. सासूबाई दवाखान्यात होत्या म्हणून तिने लागोपाठ चार बुकिंग रद्द केली. का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. नवऱ्याची चाकणमधली नोकरी कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही. घरात बसून भागणार नव्हतं.

मग चिखलीच्या विजयश्रीने या कामातल्या बायका जमवायला घेतल्या. आमच्यासाठी कायदा करा, मनाला येईल तसे दर कापू नका, बाजू ऐकून घेतल्याशिवाय आयडी बंद करू नका, अशा मागण्या होत्या. पूनम तर पेटूनच उठली. उन्हातान्हात हिंडून दीडशे सह्या तिने आणल्या. स्वतःची सही करताना मात्र ती मोनिका झाली, कारण कागदावर आयडी नंबरचा रकाना होता.

कामगार कार्यालयातल्या साहेबांनी सुनावणी लावली. कंपनीच्या माणसाने अट घातली की आमच्या यादीत नाव असलेल्यांनीच बोलावं. आता आली का पंचाईत! ज्यांची आयडी बंद झाली, त्या यादीतून केव्हाच गेलेल्या. लबाडपणाची कमालच म्हणायची.

"तूच बोल," विजयश्री म्हणाली.

"खरं नाव सांगितलं तर मोनिकाचीही आयडी जाईल गं. मग खायचं काय?"

"मग मोनिका म्हणूनच बोल."

सुनावणीच्या दिवशी पूनम खोकल्याचं निमित्त करून मास्क लावूनच बसली. साहेबांनी नाव विचारलं, तिने मोनिकाचं सांगितलं.

"साहेब, माझी एक मैत्रीण आहे, पूनम." मग तिने सगळं सांगितलं. सासूच्या उशाशी बसून पूनम कंपनीला कशी मेसेजवर मेसेज करत होती, पुढे कित्येक दिवस उत्तराची वाट बघत मोबाईल हातातून कसा खाली ठेवत नव्हती.

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, मला हीच केस हवी होती. दर कमी झाले हे सगळेच सांगतात. पूनमताईंना बोलवा. यादीचं मी बघतो. त्यांनी स्वतः सांगितलं, तर अहवालात घेतो."

कंपनीच्या माणसाने मान वर केली. पूनमचा हात मास्ककडे गेला. दोरी कानामागून निघालीच होती. तेवढ्यात तिला उद्याची सकाळ दिसली, मुलीच्या शाळेची फी दिसली, आणि तिने दोरी पुन्हा कानामागे अडकवली. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"ती नाही येऊ शकत, साहेब."

"घाबरतात का?"

"हो."

साहेबांनी नाइलाजाने लिहिलं: संबंधित महिला गैरहजर. मग कागद पूनमपुढे सरकवला. तिने खाली मोनिकाची सही केली.