फोटोखाली छापलेलं नाव

जब्बार बागवान येरवड्याचा. लष्कराच्या पुण्यातल्या एका जनसंपर्क कार्यालयात छायाचित्रकार. बोलणं कमी, आणि बोललाच तर तिरकस. आतली बातमी काढायला आलेल्या पत्रकारांना तो म्हणायचा, "माझ्याकडे फक्त फोटो आहेत. अफवा तुमच्याकडे मुबलक असतील."

सीमेवर तणाव वाढला तेव्हा तो नुकताच एका सरावाचे फोटो काढून आला होता. सराव संपताच ती तुकडी सीमेकडे रवाना झाली. एका फोटोत तरुण जवान कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. छातीवरचं 'आनंद' हे नाव स्पष्ट वाचता येत होतं. नव्याने आलेल्या साहेबांना नेमका तोच फोटो आवडला.

"साहेब, पोरं पुढे गेलीत. चेहरा आणि नाव झाकल्याशिवाय हा बाहेर देता येणार नाही."

"झाकलेला चेहरा कोण बघतो, जब्बारभाई? लोकांना आत्ता आपला माणूस दिसायला हवा."

"फक्त आपल्याच लोकांना दिसेल, असं थोडंच आहे?"

संध्याकाळी फोटो तसाच गेला. खाली छायाचित्रकार म्हणून जब्बारचं नाव. बघता बघता तो मोबाइलवर सगळीकडे फिरला, आणि 'आमच्या मांजरी गावचा आनंद' म्हणून कुणीतरी गावही जोडलं.

ते वाचताच सुट्टी घेऊन जब्बार मांजरीला गेला, आनंदच्या घरच्यांना सावध करायला. दारात आनंदची आई, सुंदराबाई, होती. त्याने नाव सांगताच तिचा चेहरा खुलला.

"या की, भाऊ. काल फोनवर लई आपुलकीनं बोलला तुमी."

जब्बार उंबऱ्यातच थांबला. "मी फोन केला नव्हता, मावशी."

"असं कसं? फोटो काढणारा जब्बार बागवान बोलतोय म्हनला की. पोराची खुशाली इचारली. म्या सांगितलं, नदीवरच्या पुलापाशी मुक्काम हाय, थंडी लई हाय." त्याच्याकडे बघता बघता तिचा आवाज उतरला. "माजं काय चुकलं का?"

"तुमचं नाही."

तिच्या हातातला फोन वाजला. नंबर कालचाच होता. तिचं बोट पुढे गेलं तसा जब्बारने तिचा हात धरला. फोन वाजून थांबला. मग पुन्हा वाजू लागला.

तिला विचारून जब्बार तिचा फोन घेऊन तडक कार्यालयात आला. साहेबांनी दार लावून घेतलं.

"हे वर कळवलं तर आपल्या ऑफिसची अब्रू जाईल. फोटो गुपचूप काढून टाकू."

"फोटो काढाल, साहेब. पूल कसा काढणार?"

त्याने वर कळवलं. साहेबांची चौकशी लागली, त्याचीही. तुकडीचा तळ हलवला, असं कानावर आलं.

सुंदराबाईला तिचा फोन परत मिळाला, पण त्यानंतर त्यावर आनंदचा फोन आलेला नाही. सुखरूप आहे, एवढंच कार्यालयात सांगतात. जब्बार मांजरीला जाऊन तेवढंच सांगतो.

"तुमी सोता बोलला का त्याच्याशी?" सुंदराबाई विचारते.

"नाही, मावशी," जब्बार म्हणतो.