साखरेच्या बाटल्या

माझ्या धाकट्या भावाची हाडं मोजायची झाली, तर न मोडलेली मोजावीत. काम लवकर उरकतं. सिनेमात हिरोच्या जागी मार खाणं हा त्याचा धंदा. जिन्यावरून गडगडायचं, टेबलं फोडत पडायचं, चौघांच्या लाथा बरगडीत झेलायच्या आणि पडल्या पडल्या एक बोट हलवायचं, म्हणजे जिवंत आहे. सेटवर त्याला सगळे ‘पोतं’ म्हणतात.

मार खाण्यात जितका चोख, तितकाच बाप म्हणून बेभरवशाचा. बायको गेली तेव्हा पोर माझ्याकडे आली, ती राहिलीच. एकदा तिला बागेत झोपाळ्यावर बसवून हा घरी येऊन जेवायला बसला. “पोर कुठंय?” मी विचारलं, तेव्हा घास हातातच राहिला. आता ती नऊ वर्षांची आहे. मला ‘ए आत्या’ करते, बापाला मात्र पाहुण्यासारखं ‘तुम्ही’.

तिला शूटिंगला नेतो म्हणून हटूनच बसला.

“सहाला परत. तिच्या अंगावर ओरखडा जरी दिसला ना, तर पुन्हा तिला न्यायचं नाव काढू नकोस.”

“तुझी शपथ, ताई.”

“माझी नको. मला जगायचंय.”

पुढचं मला दोघांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सिनेमा विनोदी, एका बेजबाबदार बापाचा आणि त्याच्या लेकीचा. पोर बाजारात हरवली म्हणून लोक बापाला बडवतात, तो प्रसंग सकाळी होता. काठ्या रबराच्या, पण एकाचा बूट हुकला आणि खाडकन जबड्यावर बसला. खुर्चीत पाय पोटाशी घेतलेल्या लेकीजवळ हा लंगडत आला. कपाळावरचं लाल तिच्या बोटाला लावलं. “चाख.”

गोड होतं.

“साखरेचा पाक आहे, वेडे.”

“म्हणजे तुम्हाला लागत नाही?”

“छे! इथं सगळं खोटं.”

दुपारी सिनेमातली लेक बापाच्या डोक्यात बाटली फोडणार होती. तिचं काम करणारी मुलगी रडून बसली, मारायला हात उचलेना. पडद्यावर नुसता हातच दिसायचा होता. भाऊ म्हणाला, “माझी पोर मारेल. जा गं, खोक्यातली एक उचल. आणि जोरात हं, काही राखून ठेवू नकोस.”

खोक्यात साखरेच्या बाटल्या होत्या, हलक्या, टेकल्या की चुरा होणाऱ्या. त्यांवर लक्ष ठेवणं भावाचंच काम. लक्ष कसलं? आपण प्यालेल्या सरबताची रिकामी काचेची बाटली यानं त्यातच खोचून ठेवली होती. पोरीनं नेमकी तीच उचलली.

दोन्ही हातांनी हाणली. ठक्क! बाटली फुटली नाही. सगळे खदखदून हसले, पोरही हसली. बापाला त्या पहिल्या तडाख्यालाच कळलं होतं. पण बापासमोर ती इतकी मोकळी कधी हसली नव्हती. त्यानं डोकं पुन्हा पुढं केलं. तिनं पुन्हा हाणली. या वेळी काचा उडाल्या, तो पोत्यासारखा कोसळला, आणि बराच वेळ बोट हललं नाही.

मग हललं. टाळ्या पडल्या. भिंत धरून तो उठला, रक्त कानामागून सदऱ्यात उतरत होतं. “आज पाक जरा जास्तच झाला,” तो म्हणाला.

पोरीनं त्याच्या मानेवरून बोट फिरवलं आणि तोंडात घातलं. तिचं हसू गेलं.

“कसा आहे पाक?” त्यानं विचारलं.

“गोड,” ती म्हणाली. खिशातून रुमाल काढून तिनं त्याच्या टाळूवर गच्च दाबला. “खाली बस, बाबा. हलू नकोस.”

दोघं घरी आली तेव्हा साडेआठ वाजले होते. त्याच्या डोक्याला सात टाके, तिच्या फ्रॉकच्या बाह्या कोपरापर्यंत लाल. मी पदर खोचून दारातच उभी होते. तोंड उघडणार, तोच पोरीनं दोन्ही हात पुढे केले.

“आत्या, बघ. मला ओरखडा नाही.”

मी उलटेसुलटे करून पाहिले. खरंच नव्हता.

“आणि पुढच्या वेळी खोकं मी तपासणार,” ती म्हणाली. “याचं लक्ष नसतं.”